अंडीखाऊ साप : वरवर सोपा, पाळण्यास अवघड

हौसेने साप पाळणाऱ्यांची संख्या युरोप, उत्तर अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेत मोठी आहे. या मंडळींपुढे नेहमीची अडचण असते ती खाद्याची. बहुतेक पाळीव सापांना उंदीर द्यावे लागतात आणि घरातल्या फ्रीजमध्ये गोठवलेले उंदीर ठेवणे सर्वांनाच रुचते असे नाही. अशा वेळी आफ्रिकेतील अंडीखाऊ सापाचे नाव पुढे येते. तो बिनविषारी आहे, त्याच्या तोंडात दात जवळजवळ नसतातच आणि पक्ष्यांच्या अंड्यांखेरीज तो काहीही खात नाही. नवशिक्याला याहून सोयीचा साप कोणता, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मात्र हे एकमेव खाद्यच त्याच्या पालनातील सर्वांत कठीण बाब ठरते.

ओळख

या सापांच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव डॅसिपेल्टिस. तिच्यात डझनाहून अधिक जातींचा समावेश होतो. त्यांपैकी 'डॅसिपेल्टिस स्कॅब्रा' ही जाती सर्वाधिक परिचित असून लिनियसने १७५८ मध्ये तिची नोंद केली. हा साप साधारणपणे ५० ते ७५ सेंटीमीटर लांब असतो. माद्या नरांपेक्षा मोठ्या असतात आणि क्वचित एक मीटरपर्यंत वाढतात. करड्या-तपकिरी अंगावर गडद चौकटींची रांग असते. तो निशाचर आहे.

दात आणि विष नसल्यामुळे त्याचा सारा बचाव सोंगावर अवलंबून असतो. डिवचल्यास तो अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतो. खवले खरखरीत असल्याने फुरशासारखा 'खरर्र' आवाज निघतो. मग तो काळे तोंड उघडून झेप घेतो. रंग आणि नक्षीही तेथील विषारी सापांशी मिळतीजुळती असते. म्हणून आफ्रिकेत रानात दिसलेला असा साप 'निरुपद्रवी असावा' या समजुतीने हाती धरणे जिवावर बेतू शकते.

अंडे फोडण्याची यंत्रणा

अंडे दिसताच हा साप जिभेने ते सर्व बाजूंनी चाचपतो. शिळे अंडे किंवा आत पिल्लू बरेच वाढलेले अंडे तो सहसा नाकारतो. पसंत पडलेल्या अंड्यावर तो जबडा हळूहळू ताणत नेतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार, या प्रजातीतील 'गॅन्साय' या जातीचा जबडा शरीराच्या आकाराच्या तुलनेत तोवर मोजलेल्या कोणत्याही सापाहून अधिक विस्तारतो.

खरे नवल पुढे आहे. मानेमागच्या मणक्यांना खालच्या बाजूने टोकदार प्रवर्ध फुटलेले असतात आणि ते अन्ननलिकेत डोकावतात. अंडे तेथे पोचले की साप अंगाला बाक देऊन स्नायू आवळतो आणि कवच फुटते. आतील द्रव जठराकडे उतरतो. फुटलेले तुकडे कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटून राहतात आणि त्यांची चपटी पुरचुंडी साप तोंडावाटे ओकून टाकतो. कार्ल गॅन्स या प्राणिशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये या रचनेचे सविस्तर वर्णन केले.

खाद्याचा प्रश्न

शरीराची सारी घडण एका खाद्यासाठी झाल्यामुळे पर्याय उरत नाही. दुकानातील कोंबडीचे अंडे बहुतेक सापांना आकाराने मोठे पडते. शिवाय विक्रीची अंडी अनेक देशांत धुऊन, थंड करून ठेवतात. त्यांचा मूळ वास जातो आणि साप त्यांना अन्न म्हणून ओळखतच नाही. प्रौढ सापाला जपानी लावा, म्हणजे बाजारातील बटेर, या पक्ष्याचे अंडे सोयीचे पडते. त्याचे वजन १० ते १२ ग्रॅम असते. अंडे ताजे, न धुतलेले आणि खोलीच्या तापमानाचे असावे, ते सायंकाळी पेटीत ठेवावे आणि एक-दोन दिवसांत न खाल्ल्यास काढून घ्यावे, असा अनुभवी पालकांचा शिरस्ता आहे.

याची भूकही ऋतूनुसार बदलते. निसर्गात पक्ष्यांच्या विणीच्या काळात तो भरपूर खातो आणि उरलेले महिने साठवलेल्या चरबीवर काढतो. बंदिवासातही काही काळ तो अन्नाकडे पाठ फिरवतो. हा नैसर्गिक उपवास आहे की उपासमार, हे नुसत्या नजरेने कळत नाही. त्यासाठी नियमित वजन करून नोंद ठेवावी लागते. वजन सतत घटत असेल, पाठीचा कणा वर दिसू लागला असेल किंवा कातडीला उभ्या सुरकुत्या पडल्या असतील, तर पशुवैद्यकाकडे नेण्यास विलंब करू नये.

पिल्लांची तर याहून बिकट अवस्था असते. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू २० ते २५ सेंटीमीटर लांब, पण दोरीसारखे बारीक असते. त्याच्या तोंडात मावेल असे अंडे म्हणजे झेब्रा फिंचसारख्या चिमुकल्या पक्ष्याचे, जेमतेम एक ग्रॅम वजनाचे. अशी अंडी बाजारात मिळत नाहीत. म्हणजे साप आणण्यापूर्वी पक्ष्यांचा पिंजरा उभारावा लागतो आणि पक्षी अंडी घालू लागेपर्यंत थांबावे लागते. नळीने अंड्याचा द्रव पाजण्याचा उपाय काही जण करतात. तो कुशल हातांचाच असून पिल्लाला इजा होण्याचा धोका त्यात असतो.

या अडचणीमुळे बंदिवासातील पैदास कमी होते आणि विक्रीस येणारे बरेचसे साप थेट रानातून पकडलेले असतात. प्रवासाने ते शुष्क झालेले असतात, अंगात परजीवी असतात. म्हणूनच जाणकार सांगतात, की साप अंडे खाताना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.

निवारा

निवाऱ्याची व्यवस्था त्या मानाने सोपी आहे. घट्ट झाकणाची काचपेटी, चढण्यासाठी फांद्या, लपण्यासाठी दोन-तीन आडोसे आणि स्वच्छ पाणी एवढे पुरते. पेटीची एक बाजू २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसरी काहीशी थंड ठेवतात. उष्णतेवर थर्मोस्टॅटचे नियंत्रण हवे. हा साप सडपातळ असल्याने बारीक फटीतूनही निसटतो.

विदर्भातील अंडीखाऊ साप

अंडी खाणारा साप भारतातही आहे. १८६३ मध्ये राइनहार्ट यांनी, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूर येथील नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. त्यानंतर दीर्घकाळ त्याच्या अगदी मोजक्या नोंदी झाल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने तो महाराष्ट्रातही आढळत असल्याचे दाखवून दिले आणि पुढे विदर्भातून त्याच्या आणखी नोंदी झाल्या. काळसर तपकिरी अंग आणि पाठीच्या मध्यावरून जाणारा फिकट पट्टा ही त्याची खूण. त्याच्याही मणक्यांना अन्ननलिकेत डोकावणारे प्रवर्ध असतात. मात्र तो आफ्रिकी सापाचा सख्खा भाऊ नव्हे. अलीकडच्या जनुकीय अभ्यासाने त्याला मांजऱ्या सापांच्या गटात बसवले आहे. अंडे फोडण्याची ही युक्ती निसर्गात दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडली.

हा साप पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असून, अशा प्राण्याला पकडणे वा बाळगणे हा तीन ते सात वर्षांच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. इतर देशी साप घरात ठेवण्यासही कायद्याची परवानगी नाही. आफ्रिकी जात मागवायची म्हटली, तरी जिवंत प्राण्यांची आयात सरकारी परवान्याशिवाय करता येत नाही.

शेतात, विहिरीकाठी किंवा अंगणात असा साप दिसल्यास त्याला न मारता वन विभागाला अथवा प्रशिक्षित सर्पमित्राला कळवावे. तोवर दुरून छायाचित्र घेऊन ठिकाण आणि तारीख लिहून ठेवावी. ज्याच्या नोंदी इतकी वर्षे बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, त्या सापाच्या बाबतीत अशी एक नोंददेखील मोलाची ठरते. त्याच्या पोटाची सोय परिसरातील पक्ष्यांच्या घरट्यांवर अवलंबून आहे. बांधावरची झाडे आणि झुडपे राखली, तर पक्ष्यांबरोबर हा सापही तेथे टिकेल.