कुरणशाळा

गुरे राखणाऱ्या मुलांसाठी चराईच्या जागीच भरविण्यात येणारी शाळा. हा प्रयोग पालघर जिल्ह्याच्या (१ ऑगस्ट २०१४ पूर्वीचा ठाणे जिल्हा) डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी केला. आदिवासी वस्तीत शाळा बांधली म्हणजे मुले येतातच असे नाही, या अनुभवातून तो निर्माण झाला. बोर्डी येथील अंगणवाडी ही त्याची पूर्वपीठिका होय.

पालघर जिल्ह्याचा दक्षिणेकडील वसई-विरारचा भाग मुंबईला लागून असल्याने तेथे शहरी वस्ती झपाट्याने वाढली. विरारच्या उत्तरेस रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला बागायती व मासेमारीची किनारपट्टी आहे, तर पूर्वेला वारली, कोकणा, काथोडी इ. जमातींचे पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. या पूर्वभागातील जमिनी एकोणिसाव्या शतकापासून सावकार व जमीनदार यांच्या हाती गेल्या. मूळचे कसणारे कुळे झाले व वेठीस धरले गेले. लग्नासाठी काढलेले कर्ज फेडण्याकरिता धन्याकडे राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे. सरकारने नेमलेल्या सायमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालात या स्थितीचे वर्णन आले आहे. १९४५ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला, तो वेठबिगारीविरुद्ध आणि गवतकापणीच्या रास्त मजुरीसाठी. त्याच वर्षी याच टापूत, किनाऱ्यावरील बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. दोन्ही घटनांचा प्रत्यक्ष संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरांतील मुलांना शिकवायचे होते, ती कोणत्या अवस्थेत जगत होती हे उठावावरून कळते.

ताराबाईंनी १९२३ पासून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसरी पद्धतीचे काम केले होते. १९२६ मध्ये तेथेच नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार निघाले. शहरात यशस्वी झालेली ही पद्धती खेड्यात मात्र जशीच्या तशी चालण्यासारखी नव्हती. तिचे साहित्य महाग होते, शिवाय ते वापरण्यास सुसज्ज खोली व स्वच्छ, पोटभर जेवलेले मूल गृहीत धरलेले होते. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला व सहा महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. पुढे शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी पुण्याच्या हुजूरपागेत अध्यापन केले. १९४५ मध्ये त्या ताराबाईंबरोबर बोर्डीस आल्या आणि अखेरपर्यंत याच कामात राहिल्या. आचार्य भिसे यांच्या शैक्षणिक कार्यामुळे बोर्डी गाव आधीच परिचित होते.

गावातील बालवाडीत प्रथम आली ती सुस्थितीतील घरांची मुले. हरिजन वस्तीतील व पाड्यांवरील मुले फिरकली नाहीत. तेव्हा शिक्षिकांनीच साहित्य घेऊन वस्तीवर जाण्यास प्रारंभ केला. एखाद्या घराचे अंगण झाडून तेथे मुले जमवावयाची, त्यांना आंघोळ घालावयाची, केस विंचरावयाचे, नखे काढावयाची आणि मग गाणी, गोष्टी व खेळ घ्यावयाचे, असा क्रम असे. महागड्या उपकरणांच्या जागी शंखशिंपले, चिंचोके, खडे, पाने, फुले व पिसे आली. माँटेसरीचा इंद्रियशिक्षणाचा विचार यात कायम राहिला, बदलले ते साधन. अंगणात भरणारी म्हणून हिला अंगणवाडी म्हणू लागले. गावातील स्थिर शाळेला मध्यवर्ती बालवाडी असे नाव होते. चार भिंतींची शाळा परकी वाटणाऱ्या आईबापांना स्वतःच्या अंगणात चाललेले शिक्षण डोळ्यांनी पाहता येई, हा या योजनेचा मोठा लाभ होता.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून कोसबाडला हलले. टेकडीभोवती वारल्यांचे पाडे असल्यामुळे काम अधिक अवघड झाले. येथे प्रश्न केवळ बालवाडीच्या वयाच्या मुलांचा नव्हता. सहा-सात वर्षांपुढील मुलगा घरची अथवा धन्याची गुरे वळी, मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळी. मुलाचे हे काम बंद झाले तर घराची मिळकत अथवा आईची मजुरी बुडे. म्हणून गैरहजेरीला पालकांची अनास्था हे जे कारण कागदोपत्री दिले जाते, ते अपुरे आहे.

या दोन अडचणींवर दोन निराळे उपाय योजण्यात आले. मुलींकरिता पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली; या रचनेला विकासवाडी म्हणत. भावंडाला पाळणाघरात ठेवून ताई पलीकडच्या वर्गात बसे आणि बाळाची नजरही तिला सोडावी लागत नसे. गुराख्यांना मात्र आवारात आणणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले. गुरे शांतपणे चरत असताना झाडाखाली वर्ग भरे, ती दूर गेली की वर्गही उठून त्यांच्यामागे जाई. मोजणी खड्यांवर व गुरांवर होई, निसर्गज्ञानास तर पुस्तकाची गरजच नव्हती. रानातील झाडे, पाखरे व पायवाटा यांविषयी मुलांना शिक्षकांपेक्षा अधिक माहिती असे. या ज्ञानाला शाळेत प्रतिष्ठा मिळाली, ही कुरणशाळेची खरी कमाई म्हणावी लागेल.

आदिवासी शिक्षणाचा दुसरा मार्ग आश्रमशाळेचा. ठक्कर बाप्पा व बाळासाहेब खेर यांच्या संस्थांनी तो रूढ केला आणि पुढे शासनाने त्याचा मोठा विस्तार केला. आश्रमशाळा मुलाला घरापासून अलग करून शिकविते, कुरणशाळा त्याच्या कामासह त्याला स्वीकारते. आश्रमशाळेत अन्न व निवारा मिळत असल्याने तिचे महत्त्व नाकारता येत नाही. तथापि वारली मुलाच्या घरगुती जीवनाचा विचार कुरणशाळेने अधिक सूक्ष्मपणे केला, यात शंका नाही. तिची मर्यादाही उघड आहे. ठरावीक वेळ, इमारत व हजेरीपट यांवर चालणाऱ्या खात्याला अशी शाळा नियमांत बसविणे कठीण असते आणि ती शिक्षकाच्या चिकाटीवर फार अवलंबून राहते. त्यामुळे तिचा प्रसार फारसा झाला नाही.

अंगणवाडीचे तसे झाले नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या गावपातळीवरील केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले व ते देशभर पोहोचले. मात्र तेथे पोषण व आरोग्य यांना अग्रक्रम मिळाला, बोर्डीच्या अंगणातील शिक्षणाचा भाग दुय्यम ठरला. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हे किताब मिळाले. ताराबाईंच्या निधनानंतर कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालविले. कोसबाडच्या टेकडीवरून या त्यांच्या आत्मकथनात त्याची हकीकत आहे.

मुलांच्या मागे जाणारी शाळा जिल्ह्याच्या दक्षिण भागात पुढे वेगळ्या रूपात दिसली. वसई तालुक्यात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या विधायक संसद या संस्थेने वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी भट्टीच्या जागीच शाळा काढल्या. भट्टीवरील मजुराच्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्यावरून त्यांना भोंगाशाळा हे नाव पडले. पावसाळा संपल्यावर कुटुंबे भट्टीवर आली की त्या सुरू होत आणि पहिल्या पावसाबरोबर भट्ट्या थांबल्या की त्याही बंद होत.