एक अट, दोन विधवा, दोन निकाल

१/ बंगालमधील दोन कुटुंबे. दोन्हीकडे वडिलांनी मृत्युपत्रात जवळजवळ एकच अट घातली होती: मुलांपैकी कोणी निपुत्रिक वारल्यास त्याचा वाटा हयात असलेल्या भावांकडे जावा. दोन्हीकडे एक मुलगा निपुत्रिक वारला आणि मागे त्याची विधवा राहिली. १८६२ मध्ये पहिल्या विधवेविरुद्ध निकाल लागला. १८९६ मध्ये दुसरीच्या बाजूने लागला. न्यायासन एकच होते, लंडनची प्रिव्ही कौन्सिल. मग मधल्या ३४ वर्षांत काय बदलले?

२/ आधी त्या काळचा वारसा समजून घ्यावा लागतो. महाराष्ट्रात मिताक्षरा परंपरा प्रमाण होती. एकत्र कुटुंबातील पुरुष निपुत्रिक वारला, तर त्याचा हिस्सा उरलेल्या भाऊबंदांत मिसळून जाई आणि विधवेला पोटगी मिळे. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा दायभाग चाले. तेथे मुलाला जन्मतः हक्क नसे. वडील आपल्या मिळकतीचे पूर्ण मालक असत.

३/ दायभागात आणखी एक महत्त्वाचा फरक होता. एकत्र कुटुंबातही निपुत्रिक पतीचा हिस्सा विधवेकडे येई. तो हक्क तिच्या हयातीपुरता आणि मर्यादित असला, तरी मिळकत तिच्या हाती असे. ‘निपुत्रिक वारल्यास भावांना’ ही अट बंगालमधील मृत्युपत्रांत का येई, ते यावरून उमगते. कायद्याने विधवेकडे जाणारा वाटा घरातील पुरुषांकडे वळवणे हाच तिचा हेतू असे.

४/ पहिले कुटुंब कलकत्त्याचे मल्लिक. वडिलांना पाच मुलगे. मृत्युपत्रात स्पष्ट लिहिले होते की, एखादा मुलगा पुत्र वा पौत्र न ठेवता वारला, तर त्याच्या वाट्यातील काहीही विधवेला, मुलीला किंवा मुलीच्या मुलाला मिळू नये. तो वाटा हयात मुलगे व नातवांचा. विधवेला अन्नवस्त्रासाठी फक्त १०,००० रुपये.

५/ पाचांपैकी एक मुलगा वडिलांच्या पश्चात निपुत्रिक वारला. त्याची विधवा सूर्यमणी दासी न्यायालयात गेली. वाटा पतीच्या हाती एकदा आला, मग मेलेल्या सासऱ्याची अट तो परत कसा काढून घेणार, असा प्रश्न होता. १८६२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अट वैध ठरवली. हिंदू मालक अशी पर्यायी देणगी देऊ शकतो. मूळ वाटा दिरांकडे गेला.

६/ या निकालाचा आधार ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अटीचा निर्णय एका हयात माणसाच्या मृत्यूबरोबर व्हायचा होता. पिढ्यान्‌पिढ्या मिळकत अडकून पडणार नव्हती. म्हणून न्यायाधीशांना अटीत गैर दिसले नाही. पण हीच युक्ती कोणी अनंतकाळासाठी वापरली तर? त्याचे उत्तर दहा वर्षांनी टागोर घराण्याच्या खटल्यात मिळाले.

७/ प्रसन्नकुमार टागोर हे पाथुरियाघाटा शाखेचे धनाढ्य जमीनदार आणि नामवंत वकील. वाचस्पती मिश्रांच्या ‘विवादचिंतामणी’ या धर्मशास्त्रीय ग्रंथाचे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले होते. हिंदू वारसाकायदा त्यांच्याइतका जाणणारे मोजकेच असतील. त्यांचा मुलगा ज्ञानेंद्रमोहन १८५१ मध्ये ख्रिस्ती झाला. पुढे तो इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झाला. हा मान मिळवणारा पहिला भारतीय म्हणून त्याची नोंद आहे.

८/ १८५० च्या कायद्यामुळे धर्मांतराने वारसाहक्क बुडत नव्हता. त्यामुळे मुलाला वगळायचे तर मृत्युपत्र हाच मार्ग होता. १८६२ च्या मृत्युपत्रात प्रसन्नकुमारांनी मिळकत विश्वस्तांच्या स्वाधीन केली. उत्पन्न पुतणे जतींद्रमोहन यांना हयातभर, त्यांच्यामागे त्यांच्या ज्येष्ठ मुलाला, मग त्याच्या मुलाला. ती शाखा खुंटल्यास घराण्यातील दुसरी शाखा. स्त्रिया आणि त्यांची संतती वगळलेली.

९/ ही रचना इंग्रज सरदारांच्या घराण्यांतून उचललेली होती. लाभार्थी निपुत्रिक वारला तर पुढे कोण, त्याच्यानंतर कोण, सगळे आधीच ठरलेले. अडचण एवढीच की, त्यातील बहुतेक लाभार्थी जन्मालाच आले नव्हते. १८६८ मध्ये प्रसन्नकुमार वारले, तेव्हा जतींद्रमोहन यांना मुलगा नव्हता. ज्ञानेंद्रमोहनांनी मृत्युपत्राला आव्हान दिले.

१०/ १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तीन गोष्टी ठरवल्या. एक, हिंदू कायद्याला ठाऊक नसलेला वारसाक्रम खासगी माणसाला निर्माण करता येत नाही. दोन, देणगी घेणारा मृत्युपत्रकर्त्याच्या मृत्यूसमयी अस्तित्वात असला पाहिजे. गर्भातील मूल त्यात धरले जाते. तीन, जे सरळ देता येत नाही ते विश्वस्तांच्या हातूनही देता येत नाही.

११/ परिणाम असा झाला की, जतींद्रमोहनांचा हयातीचा हक्क टिकला आणि पुढची साखळी कोसळली. मग त्यांच्यानंतर मिळकत कोणाची? प्रसन्नकुमारांच्या कायदेशीर वारसाची, म्हणजे ज्या मुलाला वगळण्यासाठी हा खटाटोप केला त्याचीच. वारसाला ‘काही देत नाही’ असे लिहिणे पुरेसे नसते. ती मिळकत दुसऱ्या कोणाला वैधरीत्या द्यावी लागते.

१२/ जतींद्रमोहनांना पुढेही औरस मुलगा झाला नाही. त्यांनी पुतण्या प्रद्योतकुमार याला दत्तक घेतले. ते १९०८ पर्यंत जगले. ज्ञानेंद्रमोहन १८९० मध्येच इंग्लंडमध्ये वारले होते. ज्या हक्कासाठी ते लढले, तो उपभोगायची वेळ येण्याआधीच. एवढ्या बारकाईने आखलेली रचना, पण दोन्ही बाजूंच्या आयुष्यांनी तिला जुमानले नाही.

१३/ आता दुसरी विधवा. वडिलांनी तीन मुलांना मिळकत समान दिली आणि लिहिले की, कोणी निपुत्रिक वारल्यास हयात मुलांनी ती समान घ्यावी. एक मुलगा वडिलांच्या पश्चात निपुत्रिक वारला. विधवा कमलबासिनी दासी. अट सूर्यमणीच्या सासऱ्यासारखीच. जुना निकाल पाहता तिचा पराभव ठरल्यासारखा होता.

१४/ पण मधल्या काळात कायदा आला होता. १८६५ च्या भारतीय वारसा कायद्यातील कलम १११ असे: अनिश्चित घटना घडल्यास मिळणारी देणगी असेल आणि त्या घटनेची मुदत लिहिलेली नसेल, तर मिळकत वाटण्याजोगी होण्यापूर्वी ती घटना घडली पाहिजे. १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याने हे कलम बंगालमधील, तसेच मुंबई आणि मद्रास शहरांतील हिंदूंना लागू झाले.

१५/ मुलांना वाटा वडिलांच्या मृत्यूबरोबरच मिळणार होता. म्हणून ‘निपुत्रिक वारल्यास’ याचा अर्थ ‘वडिलांच्या हयातीत निपुत्रिक वारल्यास’ असा झाला. मुलगा तर वडिलांमागे जगला होता. वाटा त्याचा पूर्ण मालकीचा झाला आणि त्याच्यामागे विधवेकडे आला. जुन्या निकालांऐवजी संहितेचे शब्द आहेत तसे वाचा, अशी प्रिव्ही कौन्सिलची भूमिका होती.

१६/ म्हणजे सूर्यमणी आणि कमलबासिनी यांच्या नशिबातला फरक सासऱ्यांच्या मायेतून आला नाही. दोघांनाही सून वगळायचीच होती. फरक पडला एका प्रश्नाने: मृत्यू केव्हाचा धरायचा? मृत्युपत्रात त्याचे उत्तर नव्हते. ते उत्तर दुसऱ्या खटल्यात कायद्याने दिले आणि त्यामुळे एका स्त्रीचा निर्वाह पोटगीवर येऊन ठेपला नाही.

१७/ तेच कलम १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात १२४ क्रमांकाने आजही आहे. हयातीत केलेल्या हस्तांतरणांसाठी त्याच धर्तीचा नियम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. अजात व्यक्तींना देणगी देण्याची मुभा हिंदूंना १९१६ च्या कायद्याने मर्यादित स्वरूपात मिळाली. टागोर निकालाची धार तेव्हा बोथट झाली, पण नव्या वारसाक्रमाची मनाई कायम राहिली.

१८/ आजही कौटुंबिक ट्रस्टच्या दस्तात ‘लाभार्थी निःसंतान वारल्यास’ एवढेच शब्द आढळतात. त्यांत तीन प्रश्न दडलेले असतात. मृत्यू कोणत्या मुदतीतला? संतानात मुलगी आणि दत्तक अपत्य येते का? पुढचा लाभार्थी त्या दिवशी हयात नसेल, तर कोण? ही तीन उत्तरे लिहायला तीन ओळी लागतात. त्या ओळी नसल्यामुळे वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि त्या झिजवणारी बहुधा घरातली सर्वांत एकटी पडलेली व्यक्ती असते.