घरगुती उत्पादन छायाचित्रण

घरगुती उत्पादन छायाचित्रण म्हणजे विक्रीच्या वस्तूंची छायाचित्रे व्यावसायिक स्टुडिओ न वापरता, घरातील जागेत व अल्प खर्चाच्या साधनांनी टिपण्याची पद्धत होय. ऑनलाइन खरेदीत ग्राहकाला वस्तू हाताळता येत नाही. रंग, आकार व पोत यांचा अंदाज तो छायाचित्रावरूनच बांधतो. छायाचित्र व प्रत्यक्ष वस्तू यांत तफावत असल्यास वस्तू परत येण्याचा संभव असतो व त्याचा भुर्दंड लहान विक्रेत्यास सोसावा लागू शकतो. म्हणून साधने निवडताना रंगाच्या अचूकतेस प्राधान्य दिले जाते आणि ही अचूकता कॅमेऱ्यापेक्षा प्रकाशावर अधिक अवलंबून असते.

प्रकाशयोजना

सर्वांत स्वस्त प्रकाशस्रोत म्हणजे थेट ऊन न येणारी खिडकी. खिडकीवर पांढरे पातळ कापड किंवा ट्रेसिंग कागद लावल्यास प्रकाश विखुरतो व सावल्या सौम्य होतात. वस्तूच्या दुसऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा अथवा थर्मोकोलचा तुकडा उभा केल्यास तो प्रकाश परावर्तित करून गडद भाग उजळतो. प्रकाशस्रोत वस्तूच्या तुलनेत जितका मोठा व जवळ, तितकी सावली मऊ होते. लहान दिव्याचे अंतर दुप्पट केल्यास वस्तूवर पडणारा प्रकाश सुमारे एक चतुर्थांश उरतो.

पावसाळ्यात ढगाळ हवेमुळे प्रकाश मंद व निळसर होतो. अशा वेळी एलईडी दिवे उपयोगी पडतात. दिवा घेताना वॅटपेक्षा रंगदर्शन निर्देशांक पाहावा. तो ९० किंवा अधिक असणे इष्ट. सुमारे ५,००० ते ५,६०० केल्विन रंगतापमान दिवसाच्या प्रकाशाशी जुळते. खिडकी, ट्यूबलाइट व पिवळा बल्ब यांचा प्रकाश एकत्र मिसळल्यास रंग दुरुस्त करणे कठीण जाते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने काही स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात व छायाचित्रात पट्टे उमटतात. शटरवेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास हा दोष कमी होतो.

कॅमेरा

सामान्य विक्रीसाठी चांगला स्मार्टफोन पुरेसा ठरतो. त्याच्या रुंद कोनाच्या भिंगाने जवळून टिपल्यास वस्तूचा आकार विकृत दिसतो. त्यामुळे थोडे मागे सरून, उपलब्ध असल्यास दुप्पट वाढीचे भिंग वापरतात. जुना वापरलेला डीएसएलआर व त्यासोबतचे १८–५५ मिमी भिंग हा पुढचा पर्याय आहे. त्यात एफ/८ च्या आसपासचे छिद्र व आयएसओ १०० ठेवून वस्तूचा बहुतांश भाग सुस्पष्ट मिळतो. मात्र त्यामुळे शटर अधिक वेळ उघडे राहते. म्हणून तिपाई आवश्यक असते.

उदाहरणे

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांच्या परिसरातील कलावस्तूंवरून वस्तूनुसार बदलणाऱ्या गरजा स्पष्ट होतात. वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन लाभले आहे. तिच्या चित्रांत गडद गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषा असतात. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक गडद पृष्ठभाग अधिक उजळ करू पाहतो. त्यामुळे गेरू फिका पडतो व बारीक रेषांतील तपशील हरवतो. म्हणून प्रकाशमान किंचित कमी करावे लागते. चित्र सपाट असल्याने कॅमेरा त्याला समांतर ठेवून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून समान प्रकाश देतात. चौकटीची काच शक्य असल्यास काढून ठेवतात.

बोहाडा उत्सवातील मुखवट्यांना याउलट एका बाजूने येणारा प्रकाश मानवतो, कारण नाक, डोळे व मुकुट यांचा उठाव सावलीमुळेच दिसतो. चकचकीत रंगावर दिव्याचे ठिपके पडू नयेत म्हणून प्रकाश विखुरणे आवश्यक असते.

खर्चाचा क्रम

हाती फोन असल्यास प्रथम पांढरा कार्डशीट व पुठ्ठा, नंतर तिपाई, त्यानंतर दोन एकसारखे दिवे आणि शेवटी कॅमेरा हा क्रम किफायतशीर ठरतो. कार्डशीट भिंतीपासून मेजापर्यंत वळवून लावल्यास पार्श्वभूमीत कोपरा दिसत नाही. त्याच कागदावरून पांढऱ्या रंगाचा समतोल साधता येतो. अखेरीस मूळ वस्तू पडद्याशेजारी धरून रंग पडताळावेत. हातमोजणीची पट्टी दाखवणारे एक छायाचित्र जोडल्यास आकाराविषयीचा गैरसमजही टळतो.