पगारी मावशी

मुलाला स्टेशनवर उतरवून घेणे, परगावच्या आप्तासाठी खरेदी करून पाठवणे, नव्या बिऱ्हाडाची मांडामांड करून देणे, या कामांच्या नोंदी कोणत्याही दफ्तरात सापडत नाहीत. घरातली एखादी आत्या किंवा मावशी ती विनामूल्य करीत असते, हे त्याचे कारण. याच कामांचा रीतसर व्यवसाय १९२१ साली लंडनमध्ये गर्ट्रूड मॅक्लीन या अविवाहित स्त्रीने सुरू केला. संस्थेचे नाव 'युनिव्हर्सल आंट्स', म्हणजे साऱ्या जगाच्या आत्या-मावश्या.

काळ लक्षात घेतला म्हणजे या कल्पनेचे नवल वाटत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे सात लाखांहून अधिक सैनिक कामी आले होते. १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या सुमारे सतरा लाखांनी अधिक भरली, आणि अविवाहित राहिलेल्या स्त्रियांना वृत्तपत्रे सरळ 'जादा स्त्रिया' म्हणू लागली. दुसरीकडे, युद्धकाळात घरकाम सोडून दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेलेल्या अनेक बायका पुन्हा मोलकरीण व्हायला राजी नव्हत्या. एका वर्गात रिकामे हात होते, तर त्याच वर्गाच्या घरांत कामे खोळंबली होती.

तिसरे कारण साम्राज्याचे. हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी आपली मुले लहान वयातच विलायतेला पाठवीत. मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगला १८७१ मध्ये धाकट्या बहिणीसह साउथसी येथे एका अनोळखी कुटुंबात पैसे देऊन ठेवण्यात आले. तेव्हा त्याला सहा वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या वर्षांचा कडवटपणा त्याच्या 'बा बा ब्लॅक शीप' (१८८८) या कथेत उतरला आहे. पैसे मोजले तरी माया मिळेलच असे नाही, याचा तो पुरावाच होय. मॅक्लीन यांनी स्वतः परदेशस्थ आप्तांची मुले सांभाळली होती. मुलांची सोबत, घराची सजावट, वसाहतींतील लोकांसाठी खरेदी ही त्यांच्या संस्थेची आरंभीची कामे. वरवर पाहता त्या वेळ विकत होत्या. खरे पाहता त्या विश्वास विकत होत्या. म्हणूनच 'आंट' हे नाव.

मात्र हा विश्वास कुळाच्या आधारावर उभा होता. संस्थेच्या आत्या संभावित घराण्यांतल्या असत. स्वयंपाकीण किंवा मोलकरीण यांना ते नाव मिळाले नाही.

मराठी वाचक इथे थबकेल, कारण आपल्याकडे हे गणित नेमके उलटे आहे. जुन्या वाड्यातली विधवा आत्या दोन वेळच्या जेवणावर आयुष्यभर राबे. तिच्याजवळ नाते होते, मोल नव्हते. आज घरकामाला येणाऱ्या बाईंना आपण 'मावशी' म्हणतो. रुग्णालयातल्या आयाही मावशीच. त्यांना मोल मिळते, आणि नाते मिळते ते केवळ हाकेपुरते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी मंडळ स्थापन करण्याचा कायदा २००८ साली झाला. पण मावशींची रजा आजही बहुधा घरमालकिणीच्या मर्जीवर ठरते. रजा मागणाऱ्या कामगाराला उत्तर द्यावे लागते. मावशीने मात्र समजून घ्यावे, अशी अपेक्षा असते.

मॅक्लीन यांनी नात्याच्या शब्दाला दरपत्रक जोडले, हे त्यांचे खरे कर्तृत्व. त्यामुळे प्रेम बाजारात आले, अशी टीका कोणी करील. पण ज्या कामाला दरच नव्हता, ते काम आहे हे तरी तोवर कोणी मान्य केले होते? त्यांच्या संस्थेने आता शंभरी ओलांडली आहे. दरम्यान आपण मावशी हा शब्द उदारपणे वाटत आलो. त्या शब्दाबरोबर काय द्यायचे राहून गेले, याचा हिशेब मात्र कोणी मांडलेला नाही.