त्सुमागो: न विकलेलं गाव

मागोमेहून आठेक किलोमीटर डोंगरवाट तुडवत त्सुमागोला पोचलो. दुतर्फा लाकडी घरं, विजेची तारसुद्धा नजरेला पडत नाही. वाटलं, काळ इथे थांबलाय! पण तसं नाही, मंडळी.

एदो (आजचं तोक्यो) ते क्योतो या नाकासेन्दो मार्गावरच्या 69 मुक्कामांपैकी हे 42वं. रेल्वे दुसरीकडून गेली आणि गाव ओस पडत गेलं. 1968 पासून जुनी घरं दुरुस्त होऊ लागली. 1971 मध्ये गावकऱ्यांनी ठरवलं: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. सरकारी संरक्षण आलं ते त्यानंतर, 1976 मध्ये.

म्हणजे ही शांतता उरलेली नाही, राखलेली आहे. आपल्या वाड्याचा विषय घरात निघतोच. विकण्याआधी सगळ्या भावंडांनी एकदा एकत्र बसूया का?