बीडिंग, उघड्या टपाच्या जुन्या मोटारींचे

मोटारीचे दार, काच, टप आणि डिकी यांच्या कडांना बसवलेली रबराची पट्टी म्हणजे बीडिंग. पत्रा, काच आणि कापड जिथे एकमेकांना टेकतात तिथली फट ही पट्टी भरते, पाऊस, धूळ आणि वारा बाहेर ठेवते आणि दाराचा खडखडाट थांबवते. बंद टपाच्या मोटारीत ती एका अचल पोलादी चौकटीवर बसते. उघड्या टपाच्या मोटारीत चौकटीची वरची बाजू म्हणजे घडी होणारा सांगाडा. तो उघडला-मिटला की पट्टीची जागाही हलते. त्यामुळे या गाड्यांचे बीडिंग बदलणे हे दुरुस्तीतले अत्यंत नाजूक काम मानले जाते. अशी गाडी माथेरानला नेली की या कामाची खरी कसोटी लागते.

माथेरानचा संदर्भ : रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात सुमारे ८०० मी. उंचीवर वसलेल्या माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. अपवाद रुग्णवाहिकेसारख्या आपत्कालीन वाहनांचा. केंद्र सरकारने २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. नेरळहून घाट चढून आलेली प्रत्येक गाडी दस्तुरी नाक्यावरच्या वाहनतळावर थांबते. तिथून पुढे पायी, घोड्यावर, रिक्षाने किंवा १९०७ साली सुरू झालेल्या छोट्या रेल्वेने, अमन लॉज स्थानकातून, जावे लागते. म्हणजे मालक गावात असताना गाडी डोंगरमाथ्यावर उभी राहते, कधी एक रात्र, कधी दोन-तीन दिवस. माथेरानला वर्षाला सुमारे ५,००० मिमी. पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, वाऱ्यासकट आणि तिरपा येतो. पाऊस थांबला तरी धुके ओल सुकू देत नाही. शिवाय पोलादी टप नसल्यामुळे घाटाच्या चढत्या वळणांवर गाडीचा सांगाडा किंचित पिळला जातो आणि दाराच्या फटी कमी-जास्त होतात. पनवेल किंवा पुण्याच्या रस्त्यावर कोरडी राहिलेली गाडी दस्तुरीवर ओली का होते, याचे उत्तर या तीन गोष्टींत आहे.

गाड्यांचे प्रकार : जुन्या उघड्या गाड्यांचे ढोबळ दोन वर्ग पडतात. विलीज जीप आणि युद्धपूर्व टूरर गाड्यांना वर-खाली होणाऱ्या काचा नसतात. ताडपत्रीचा टप आणि बटणांनी लावायचे पडदे एवढाच त्यांचा आडोसा. तिथे बीडिंग मुख्यतः समोरच्या काचेच्या चौकटीभोवती असते. दुसऱ्या वर्गात मॉरिस मायनर किंवा हेराल्ड यांच्या उघड्या आवृत्त्यांसारख्या हँडलने फिरणाऱ्या काचांच्या गाड्या येतात. त्यांत समोरच्या चौकटीवरची आडवी पट्टी, टपाच्या सांगाड्यावरच्या तुकड्यातुकड्यांच्या पट्ट्या, दाराच्या कडेची पट्टी, काचेच्या फटीतले फेल्ट आणि डिकीचे रबर असा मोठा संच असतो. काचेला वरून पोलादी चौकटीचा आधार नसतो, ती थेट रबरावर येऊन टेकते.

रबराचा ऱ्हास : जुन्या गाड्यांत नैसर्गिक रबराच्या पट्ट्या असत. हवेतील ओझोनमुळे ताणलेल्या नैसर्गिक रबराला ताणाच्या आडव्या दिशेने भेगा पडतात. उन्हाने ते कडक होते आणि वर्षानुवर्षे दाबले गेल्यावर दबलेलेच राहते. १९६० च्या दशकात प्रचारात आलेले ईपीडीएम हे कृत्रिम रबर ऊन आणि ओझोन यांना उत्तम टिकते, म्हणून बदली पट्ट्या आज बहुधा त्याच्याच मिळतात. मात्र पेट्रोल, डिझेल आणि खनिज तेलांनी ते फुगते. घरगुती दरवाज्याची फोमची चिकटपट्टी मोटारीला लावू नये. ती पाणी शोषते आणि तेच पाणी पत्र्याला लागून राहते.

पूर्वतयारी : काम एप्रिल-मेमध्ये करावे. पावसाळी दमट हवेत चिकटवण्याच्या सोल्यूशनमधला द्रव उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरते आणि पट्टी पुढे सुटते. गाडी चारही चाकांवर सपाट जमिनीवर उभी असावी. जॅकवर उचललेल्या उघड्या गाडीची दारे जागची हलतात, तेव्हा घेतलेले माप खाली उतरवल्यावर जुळत नाही.

जुनी पट्टी काढली की टाकून देऊ नये, नमुना म्हणून जपावी. तिचा छेद जिथे ती कमी दबली आहे तिथे मोजावा. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात नमुना दाखवून जवळच्या छेदाची पट्टी शोधता येते. साच्यात घडवलेले कोपरे मात्र त्या-त्या मॉडेलचेच लागतात. पट्टीखालचा पत्रा आणि खाच खरवडून, गंज काढून, प्रायमर आणि रंग देऊन पूर्ण वाळू द्यावी. गंजावर चिकटवलेले रबर गंजाच्या पापुद्र्यासकट निघते.

बसवण्याचा क्रम : आधी दाराच्या बिजागऱ्या, मग टपाचा सांगाडा, मग काचेची उंची आणि कल, आणि सर्वांत शेवटी रबर. हा क्रम मोडला तर वाकडे दार झाकण्यासाठी जाड पट्टी लावावी लागते. मग दार आपटल्याशिवाय लागत नाही आणि बिजागऱ्यांवर ताण येतो.

पट्टी प्रथम सोल्यूशनशिवाय बसवून पाहावी. सुरुवात साच्यातल्या कोपऱ्यांपासून करून सरळ भागाकडे जावे. पट्टी ताणून लावू नये, कारण ती पुढे आक्रसते आणि जोडाशी फट पडते. उलट काही मिलिमीटर जास्त ठेवून टोके एकमेकांवर दाबून जुळवावीत. जोड दाराच्या खालच्या कडेला घ्यावा, वरच्या कडेला कधीच नाही. सोल्यूशनचा पातळ हात दोन्ही पृष्ठभागांना देऊन, बोटाला न लागण्याइतका सुकल्यावरच दाबावे. नंतर टप आणि दारे बंद ठेवून गाडी एक-दोन दिवस हलवू नये.

पाण्याची वाट : काचेच्या फटीतून थोडे पाणी दाराच्या पोटात उतरतेच आणि ते खालच्या भोकांतून बाहेर पडावे अशीच दाराची रचना असते. टप मिटून ठेवण्याच्या खोबणीलाही काही गाड्यांत निचऱ्याच्या नळ्या असतात. नवी पट्टी किंवा सांडलेले सोल्यूशन या वाटा बुजवते तेव्हा गाडी आतून कोरडी दिसते, पण दाराचा तळ आणि उंबऱ्याचा पत्रा सडत राहतो. घाटमाथ्यावर फिरणाऱ्या गाडीच्या मालकाने सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे.

चाचणी : पट्टीवर खडू फासून दार लावावे आणि उघडून पाहावे. पत्र्यावर वा काचेवर खडू जिथे उमटला नाही, तिथे दाब नाही. दारात कागदाची पट्टी धरून ओढली असता ती सर्वत्र सारख्याच ओढीने निघायला हवी. शेवटी एकाने विजेरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने पाण्याची नळी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावी. वरून सुरू केल्यास ओघळणारे पाणी नेमके कुठून शिरले ते कळत नाही.

देखभाल : रबर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावे आणि सिलिकॉनचा पातळ हात द्यावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये. ओला टप मिटून ठेवू नये; कापडाला बुरशी धरते आणि रबर चिकटते.

कायदेशीर बाजू : केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनांची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे लागते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत बदल चालत नाही. झिजलेल्या पट्टीच्या जागी त्याच छेदाची पट्टी बसवणे हा असा बदल ठरत नाही. दुरुस्ती जितकी मूळ मापाला धरून, तितकी ती गाडीच्या आणि तिच्या इतिहासाच्या हिताची.