वऱ्हाडची शाळा आणि एकटे मूल



चांदूर बाजारजवळचे माधान आपणां वऱ्हाडकरांना सांगायला नको. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे ते गाव. त्यांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळीला, आजोळी झाला. तान्हेपणीच दृष्टी गेली, पाठोपाठ आई गेली, आजीने सांभाळले. अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. ज्याला अक्षर दिसत नाही त्याने हे केले कसे? दुसऱ्यांनी पोथ्या वाचून दाखविल्या, त्यांनी त्या ऐकून ध्यानात ठेवल्या, आणि ते सांगत गेले तसे दुसऱ्यांनी लिहून घेतले.

आपण याला चमत्कार म्हणतो नि हात जोडतो. मला मात्र त्यातले ते वाचून दाखविणारे फार मोलाचे वाटतात. त्या मुलाजवळ बसणारे कोणीतरी होते! शाळेत त्याला अशी जागा नव्हती. लुई ब्रेलने १८२४ च्या सुमारास पॅरिसात ठिपक्यांची लिपी बसविली होती. मुंबईत १८८५ साली मुक्या-बहिऱ्यांची आणि १९०० च्या सुमारास अंधांची शाळा निघाली. पण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या पोराला मुंबई म्हणजे विलायतच की! भारतीय भाषांना मिळून एक भारती ब्रेल ठरायला तर १९५१ साल उजाडले.

आपल्या मुलखात दया कमी होती असे कोणी म्हणू नये. गाडगेबाबा इथलेच, शेंडगावचे. ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्यापांगळ्यांना त्यांनी पोटभर जेवू घातले. त्यांच्या नावाने जी दहा कामे सांगतात ती आठवून पाहा. गरिबांच्या मुलामुलींना शिक्षण, आणि अंध, पंगू, रोगी यांना औषधोपचार. त्या काळी हेच सुचणे मोठे होते. पण आपण सगळ्यांनी ती वाटणी तशीच पुढे चालविली. आंधळे मूल एक तर यात्रेतल्या रांगेत, नाही तर देव्हाऱ्यात. बाकावर, शेजारी, कुठेच नाही.

सरकारी कागदावर हा विचार पुढे आला तो कोठारी आयोगामुळे. १९६६ च्या अहवालात आयोगाने सांगितले की, होईल तितकी अशी मुले सर्वसाधारण शाळेतच घ्यावीत. त्याच आयोगाने हेही ओळखले होते की, कित्येक मुलांना अशा शाळेत मनाचा त्रास होतो. पुढे १९७४ साली केंद्र सरकारची एकात्म शिक्षणाची योजना आली, १९९५ चा अपंगांसाठीचा कायदा आला, २००९ चा शिक्षणहक्क आला, आणि २०१६ च्या कायद्याने सर्वसमावेशक शिक्षण हे शाळांचे कर्तव्यच ठरविले. पहिली सूचना आपण पाळू लागलो. दुसरी कोणाच्या फारशी ध्यानात राहिली नाही.

म्हणून मुलाचे नाव हजेरीपटावर येते, आणि मधल्या सुट्टीत ते पायरीवर एकटेच डबा खाते. पोरं दुष्ट असतात असे नाही. कसे बोलावे ते त्यांना ठाऊक नसते, नि आपणच सांगितलेले असते, “त्याला त्रास देऊ नका.” पोरं ते इतके मनावर घेतात की, त्याला खेळायलाही बोलावीत नाहीत.

आता अचलपूरकडच्या वज्झरला जाऊन पाहा. शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग, मतिमंद, मूकबधिर लेकरांना तिथे घर दिले, आणि शंभरावर मुलांच्या नावापुढे बाप म्हणून स्वतःचे नाव लावले. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण ते घर आहे. शाळेला बाप होता येत नाही, गडी मिळवून देता येतात.

आणि ते फार अवघड नसते, गुरुजी. फळ्यावर लिहिता ते मोठ्याने म्हणत लिहा. सगळ्याच वर्गाला उपयोग होतो. ऐकू न येणाऱ्याला पुढे बसवा, नि बोलताना तोंड त्याच्याकडे ठेवा. धडा वाचून दाखवायचे काम एकाच शहाण्या मुलावर टाकू नका, महिनाभर पाळीपाळीने सर्वांना द्या. आणि त्या मुलालाही काहीतरी काम द्या. कविता पाठ असेल तर वर्गाकडून तीच म्हणवून घेऊ द्या. पुढच्या सोमवारी सुट्टीची घंटा झाली की, पायरीकडे एकदा नजर टाका.